आठ हात रूळ

केशर आमच्या घरात आली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि ती अठराची. तिच्यासोबत माहेरची एक पत्र्याची पेटी आली, आणि पुढं तीन-चार महिन्यांत माझ्यासोबत एक इंजिन आलं. माय शेवटपर्यंत म्हणायची, या घरात एकाच साली दोन सुना आल्या आणि त्यातली लोखंडाची जास्त लाडकी झाली. हसून म्हणायची, पण ते खरं होतं. आज मला ते आठवलं तरी ऐकवत नाही.

मी जालन्यात कापसाच्या एका जुन्या जिनिंगमधे कामाला होतो. बाप लहानपणीच गेला, चौथीनंतर शाळा सुटली, आणि मायनं जिथं सरकी निवडली तिथंच मी गाठी बांधायला लागलो. जिनिंगच्या मागं कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली शेवटची आमची. दोन खोल्या, पुढं चांगलं मोठं अंगण, एका कडेला चूल आणि धुण्याचा दगड. हंगामात सकाळच्या भोंग्यापासून जी घरघर चालू व्हायची ती कानात इतकी मुरलेली असायची, की सुट्टीच्या दिवशी घरात बोलताना आम्ही उगाच ओरडायचो. कापसाची पिंज सगळीकडं. माय भाकरी थापताना परातीवर पदर धरायची तरी भाकरीत एखादा तंतू निघायचाच. मी घरी आलो की केशर मला आधी अंगणात उभं करायची आणि फडक्यानं डोकं झटकायची. "हलू नका, म्हातारे दिसून राह्यले," म्हणायची. आता डोकं खरंच पांढरं झालं. झटकायला कोणी नाही, आणि झटकून जाणारही नाही.

जिनिंगच्या आवारातच मालकांचा जुना बंगला होता. मालकांचं कुटुंब कधीचंच हैदराबादला गेलेलं. बंगला पाडायचं ठरलं आणि आतलं सामान काढायला आम्हा चौघांना लावलं. माळ्यावर एक लाकडी खोकं निघालं, त्यात भुसा, आणि भुशात हे इंजिन. बसलेल्या मांजराएवढं. काळं, जड, कडेनं लाल रेघ, आणि पोटाला चावी घालायचं भोक. मॅनेजरनं उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, घेऊन जा. चावी हरवलेली होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडून एका भिंतीवरच्या घड्याळाची जुनी चावी आणली, कानस मारून बसवली, पिळे दिले. इंजिन अंगणातल्या मातीत आडवं पडलं होतं तरी त्याची चाकं फिरायला लागली. केशर चुलीपुढून उठून आली. हातात काथवटीतलं पीठ तसंच. चाकं थांबेपर्यंत दोघंही बघत राहिलो.

जिनिंगचा म्हातारा वॉचमन दगडूआबा यानं पुढचं सांगितलं. या इंजिनाला सहा डबे होते. रूळ होते, ते भंगारात गेले. डबे मात्र बाईसाहेबांनी हैदराबादला जायच्या आधी एका दिवाळीला सहा कामगारांच्या घरी लेकरांना वाटले. कुणाचं घर कोणतं, पुढं ते कोणत्या गावाला गेलं, हे सगळं त्या म्हाताऱ्याला पाठ. मी इंजिन पिशवीत घालून स्टेशनावरही जाऊन आलो. तेव्हा आमची लाईन मीटरगेज होती. एका म्हाताऱ्या गार्डसाहेबांनी इंजिन बाकावर ठेवून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, खेळण्यातल्या गाड्या मुंबईला मिळतात, पण त्या बोटभर रुंदीच्या. हे माप आपण जन्मलो त्याच्या आधीच कारखान्यांनी बंद केलं. याचे रूळ आता दुनियेत कुठं मिळायचे नाहीत. तुझे तूच कर.

मंग मीच केले. कापसाच्या गाठीला लोखंडी पट्टी आवळतात, तिचे तुकडे जिनिंगमधे ढिगानं पडलेले असायचे. पट्टी उभी धरायची, बाभळीच्या आडव्या लाकडांना करवतीनं खाचा पाडायच्या आणि त्या खाचेत ठोकून बसवायची. प्रश्न होता दोन पट्ट्यांच्या मधल्या अंतराचा. मी इंजिन पालथं घालून काड्या मोडून मोडून माप घेत बसलो होतो. काडी कधी वाकडी, कधी आखूड. केशर बराच वेळ बघत होती. ती आली, डाव्या हातातली एक हिरवी बांगडी काढली आणि दोन चाकांच्या मधे आडवी ठेवली. केसभर इकडं नाही, तिकडं नाही. अशी बसली की जशी त्याच कारखान्यातून आली. ती इतकी हसली की मायनं आतून विचारलं काय झालं. ती बांगडी मी खिशात घालूनच काम करायला लागलो. रुळाचं एकेक लाकूड ठोकलं की मधे बांगडी टाकून बघायची. बसली की पुढचं. फुटपट्टीची मला कधी गरज वाटली नाही.

डबे गोळा करायला पुढं वर्ष-दीड वर्ष गेलं, आणि ते काम खरं तर केशरनं केलं. मी दारात उभा राहून सरळ डबा मागायचो आणि लोकांना वाटायचं याच्यात काहीतरी सोनंनाणं असेल. केशर आत जायची, बायकांसोबत शेंगा फोडत बसायची, आणि तासाभरानं डबा घेऊन बाहेर यायची. मंठ्याला बियाण्याच्या दुकानात एक डबा होता, त्यात पोती शिवायचं दाभण आणि सुतळी. वडीगोद्रीला रस्त्याकडेच्या हॉटेलात एकात बडीशेप. तीन तर जालन्यातच निघाले. सहावा धावड्याला. तिथं एका आजीनं त्या डब्यात देवाचे टाक बसवलेले, रोज हळदकुंकू. मी म्हणालो, हा जाऊ दे, पाच बास. केशर तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. तिनं सुताराकडून एक छोटा देव्हारा करून घेतला आणि धावड्यापर्यंत तो मांडीवर धरून एसटीत बसली. आजीला म्हणाली, "देवाला चाकाच्या घरात कशाला ठेवता, आजी? एखाद्या दिवशी निघून जातील." आजीला हसू आलं. टाक नव्या घरात गेले, डबा आमच्याकडं आला. त्याच्या तळाला अजून कुंकवाचा डाग आहे.

ते दिवस चांगले होते हे मला तेव्हा कळत होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मायनं येसराची आमटी केली की केशर दोनदा वाढून घ्यायची. कैरीचं खारं लोणचं नुसतं खायची. रूळ अंगणभर पसरत चालले होते, धुण्याच्या दगडाला वळसा घालून खोलीच्या पायरीपुढून. माय पाणी आणताना घागर घेऊन थबकायची आणि म्हणायची, माझ्या घरात पाणी आणायलाबी सिग्नल लागतो. सातव्या महिन्यात केशरची ओटी भरली. हमीदाबी बांगड्या भरायला आली. शहरातल्या अर्ध्या बायकांचे हात तिला पाठ होते. अशा वेळी पुरुषमाणूस तिथं थांबत नाही, मी जिनिंगमधे होतो. संध्याकाळी आलो तर केशरच्या दोन्ही हातांत कोपराकडं चढत गेलेल्या नव्या हिरव्या बांगड्या. मी बघितल्या, छान दिसतात म्हणालो, आणि रुळाकडं वळलो.

फेरा पुरा व्हायला फक्त चुलीपुढचा आठ हातांचा तुकडा राहिला होता. त्याच सुमारास माझ्या खिशातली बांगडी गेली. हातोडी खाली ठेवली ती नेमकी तिच्यावर. मी केशरला म्हणालो, दुसरी दे. ती म्हणाली, निघत नाही. मी म्हणालो, साबण लाव. तिनं साबण लावला, धुण्याच्या दगडाजवळ बसून बराच वेळ ओढत होती. माय ओरडली की भरल्या ओटीच्या बाईच्या हातातली बांगडी ओढून काढू नये. पण केशरला माहीत होतं मी त्या फेऱ्यासाठी किती तळमळतोय. शेवटी एक निघाली. मनगटाचं कातडं सोलून निघाली. ती फुंकर मारत म्हणाली, "अहो, हात लई जड होऊन राह्यले. डोकंबी दुखून राह्यलं सकाळपासून."

मी "हं" म्हणालो. एवढंच. बांगडी घेतली आणि ठोकायला बसलो.

दोन दिवसांत आठ हात पुरे झाले. रविवारी सहाही डबे जोडले. दगडूआबाला बोलावलं, शेजारचे आले. भरपूर पिळे देऊन इंजिन सोडलं. ते अंगण फिरलं, धुण्याच्या दगडाला वळसा घातला, पायरीपुढून गेलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि चुलीपुढच्या नव्या रुळावर चढताच दोन रुळांच्या मधे खाली बसलं. मागचे डबे त्याच्यावर. परत उचलून ठेवलं, परत तिथंच. मी बांगडी टाकून बघितली. बराबर बसत होती. प्रत्येक लाकडापाशी बघितली, सगळीकडं बराबर. बांगडी बसायची आणि गाडी पडायची. पुढचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. कामावरून आलो की त्या आठ हातांपुढं मांडी घालायची. खाचा बदलल्या, पट्टी बदलली, बाभळीचं लाकूड फुगलं असेल म्हणून उन्हात घातलं. जुन्या रुळात ती बांगडी टाकून बघावी हे मला एकदाही सुचलं नाही. कशाला सुचेल? त्याच हातातली बांगडी होती. या आठ दिवसांत केशर माझ्या मागं चुलीपुढं बसून असायची. एकदा म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. माय म्हणाली, उन्हानं. मीही म्हणालो, उन्हानं. पायातली जोडवी रुतायला लागली म्हणून तिनं ती काढून ठेवली होती. ती कोनाड्यात दिसायची, मी बघायचो. पोटुशी बाई अंगानं भरते, सगळे म्हणतच होते. माय तर शेजारणींना कौतुकानं सांगायची की सुनेनं कसं अंग धरलं.

नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. हमीदाबीनंच हलक्या, वेड्यावाकड्या बांगड्या भरल्या असतील, म्हणून मी ती बांगडी घेऊन बाजारात तिच्याकडं भांडायला गेलो. ती पायरीवर टोपली घेऊन बसली होती. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं, गाडी, रूळ, सगळं. आजूबाजूच्या बायका हसल्या. ती नाही हसली, पण चिडलीही नाही. तिनं बांगडी बोटावर फिरवली.

"मेरा माप गलत नै होता, बेटा. शादी में दोन-दोन का हात था उसका. सातवें में जरा भरा दिखा तो दोन-चार चढाई. ढिल्ली जा रही थी."

बांगड्यांना मापं असतात, दोन-दोनपेक्षा दोन-चार मोठी, आणि बाईचं माप बदलतं, हे मला त्या पायरीवर कळलं. मला तर आनंदच झाला. गाडीचा आजार सापडला होता, मोठ्या बांगडीनं रूळ रुंद पडले होते. मी हसून म्हणालो, ढिली कुठली, साबण लावून काढली तर कातडं निघालं. तेव्हा हमीदाबीचा हात थांबला. किती दिवस झाले, तिनं विचारलं. डोकं दुखतं का, विचारलं. डोळ्यांपुढं काही चमकतं का, विचारलं. मी एकेकाला हो म्हणत गेलो आणि म्हणता म्हणता माझा आवाज बारीक होत गेला. ती उठली, टोपली तशीच शेजारच्या बाईपुढं सरकवली आणि चालायला लागली. चपलाही घातल्या नाहीत.

केशर चुलीपुढं भिंतीला टेकून बसली होती. हमीदाबीनं तिचा पाय हातात घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडं बघत होतो. तो भरेना.

"गाडी छोड," हमीदाबी मला म्हणाली. "इसको उठा."

जिनिंगचा टेम्पो सरकी भरून उभा होता. त्या पोत्यांवरच केशरला निजवलं. अर्ध्या वाटेत तिला झटका आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो आणि माय तिच्या पायांवर पडली. दवाखान्यात सुई घालायला शीर सापडेना. मनगट बांगड्यांनी आवळलेलं. आमच्यात बांगडी फोडली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, आणि नवरा जिवंत असलेल्या बाईच्या हातभर बांगड्या एकदम वाढवणं म्हणजे काय, हे मायइतकं कुणाला ठाऊक. नर्स मायकडं बघायला लागली. मायनं स्वतः तो हात उचलून टेबलाच्या कडेवर धरला.

"वाढवा," ती म्हणाली. "सगळ्या वाढवा."

केशर वाचली. पोरगी मेलेलीच निघाली. केस होते डोक्यावर, भरपूर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावून सांगितलं की हा आजार अंगावर चढत जातो, रक्ताचा दाब वाढतो, हात-पाय सुजतात, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर बहुतेक दोघीही. त्यांनी ते रागानं सांगितलं नाही. रागानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी लेकराला मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घेऊन गेलो. वजन म्हणाल तर इंजिनापेक्षा हलकी. हे लिहू नये असं मला वाटतं, पण ते मला त्या वेळी मनात आलं होतं, आणि मी खोटं कशाला लिहू.

पुन्हा दिवस राहिले नाहीत. केशर घरी आली, चुलीपुढं बसायला लागली, माझं डोकं झटकायला लागली. पण "म्हातारे दिसून राह्यले" म्हणणं बंद झालं. इंजिन आणि डबे मी खोक्यात घालून माळ्यावर टाकले. तिनं मला एकदाही दोष दिला नाही, आणि मी एकदाही माफी मागितली नाही. दोघांपैकी कुणीतरी सुरुवात करायला पाहिजे होती. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, पण ते बोलणं झालं नाही.

वर्षभरानं एके दिवशी मी पहार घेऊन ते आठ हात उपटायला गेलो. केशर कण्या निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती आली आणि त्या रुळांवर बसली. मांडी घालून, मधोमध. म्हणाली, "हे राहू द्या. ती पोटात व्हती तवाचा माझा हात हाये हा. दुसरं काय राह्यलं तिचं?" मी पहार टाकली. मग तिनंच सांगितलं, खोकं काढा.

तेव्हापासून आमची गाडी अशीच चालली. मी एका टोकाला चावी द्यायचो, गाडी अंगण फिरून यायची, आणि त्या आठ हातांच्या अलीकडं केशर वाकून इंजिन उचलायची. तिच्या हातात चाकं गरगर फिरत राहायची. डबे मी सोडवून तिच्या पदरात द्यायचो. ती पदराची झोळी धरून तेवढी वाट सावकाश चालायची आणि पलीकडच्या रुळावर एकेक डबा मांडायची. बघायला येणारी पोरं विचारायची, तिथून गाडी का नाही जात? ती सांगायची, तिथं पूल पडला. कधी म्हणायची, तिथं पाणी भरलं. पुढं आमच्या खऱ्या लाईनचं माप बदललं, मीटरगेज जाऊन रुंद रूळ आले, जुनी इंजिनं दिसेनाशी झाली. दगडूआबा तेव्हा फार थकला होता. म्हणाला, सरकारनं सगळे रूळ बदलले, तुझे आठ हात नाही बदलले. केशरनं त्याला चहा दिला. जिनिंगही बंद पडली. खोल्या तेवढ्या ज्याच्या त्याला राहिल्या.

गेल्या वर्षी केशर गेली. आजार लांबला होता, अंगावर काही राहिलं नव्हतं. सवाशीण गेली म्हणून बांगड्या भरायच्या होत्या. हमीदाबी कधीच गेली, तिची सून आली. तिनं केशरचा हात हातात घेतला, टोपलीत चाचपडत राहिली. मी दारात उभा होतो. या वेळी मी तिथून गेलो नाही. मी माप विचारलं. ती म्हणाली, "बाबा, दोन-दोन भी गिर रही." शेवटी लहान पोरींच्या मापाच्या भरल्या. तिसऱ्या दिवशी राख सावडताना त्यात हिरव्या काचेचे गोळे सापडले. वितळून एकमेकांत मिसळलेले. एक मी हातात धरून बघितला. त्याला माप नव्हतं.

मी आता एकटाच गाडी चालवतो. रोज नाही. पूर्ण चावी दिली तर इंजिन त्या आठ हातांत जाऊन पडतं, म्हणून मी पिळे मोजून देतो. सुरुवातीला चुकायचं, आता नाही चुकत. नऊ पिळ्यांत ते सहाही डबे घेऊन अंगण फिरतं, धुण्याच्या दगडाला वळसा घालतं, पायरीपुढून येतं आणि केशर वाकायची तिथं, वीतभर अलीकडं थांबतं. मी या टोकाला बसून असतो. उठून पलीकडं नेत नाही. ऊन चुलीपर्यंत येतं, तोवर गाडी तिथं उभी असते.